दार लोटणारी

फियोनाने तोंड उघडलं आणि डेल्फिनची आय रडली. झालं ते एवढंच. बहरीनमधल्या मनामा शहरातल्या चर्चमागचा हॉल, एसीची घरघर, कोपऱ्यातल्या टेबलावर कुणीतरी आणलेले समोसे, अर्धवर्तुळात मांडलेल्या खुर्च्यांवर सगळी क्वायर, आणि पुढच्या रांगेत, वर्षानुवर्षं तिचीच म्हणून ठरलेल्या खुर्चीवर डेल्फिन, हातात पाण्याची बाटली. आय जाऊन चार वर्षं झाली होती. तिचा तो हेल, नाकातून सुटून गळ्यात अडकणारा, वर चढताना मध्येच चिरकणारा, गावाकडे आगाशीच्या पुढे केळीच्या वाड्यांवरून मयताच्या घरून ऐकू यायचा तो, इथे, नर्सच्या गुलाबी स्क्रब्जवर जॅकेट चढवून ड्यूटीवरून थेट आलेल्या एका पोरीच्या तोंडून निघत होता. डेल्फिनने बाटलीचं झाकण घट्ट केलं. ते आधीच घट्ट होतं.

डोनलने डोळे मिटले होते. हे तिला आधी दिसलं, आणि पहिला चटका बसला तो याचाच, आयचा नंतर. डोनल आयर्लंडचा, इथल्या एका शाळेत संगीत शिकवणारा, साठीचा, लाल कानांचा माणूस. दोन वर्षांपूर्वी क्वायर त्याच्या हाती आली तेव्हापासून डेल्फिन त्याच्यासमोर गात होती. तिच्या गाण्याला तो बोटाने ठेका धरायचा, ‘लव्हली’ म्हणायचा आणि पान उलटायचा. डोळे त्याने एकदाही मिटले नव्हते. ख्रिसमसला नाही, ईस्टरला नाही, बिशप आले होते तेव्हाही नाही. आता बघा, हात पोटावर ठेवून उभा होता, आणि फियोना थांबली तरी डोळे मिटलेलेच. मग म्हणाला, हेच. हेच मला हवं होतं. आणि विचारलं, कुणाकडून शिकलीस? फियोनाने हनुवटीने डेल्फिनकडे दाखवलं आणि इंग्रजीत सांगितलं, हिच्या आईकडून. सगळी क्वायर वळली. मल्याळी, मँगलोरी, गोंयकार, फिलिपिनो, सगळ्यांचे डोळे तिच्यावर. डोनलने अगदी निरागसपणे विचारलं, मग डेल्फिन, तू का नाही बोललीस?

गेल्याच आठवड्यात त्याने सगळं नीट समजावून सांगितलं होतं. गुड फ्रायडेसाठी त्याने स्वतः रचना केली होती, क्रुसाखाली उभ्या असलेल्या मरियेची. पुरुषांनी खाली एकच सूर धरून ठेवायचा, त्याच्या देशातल्या पिशवीच्या वाद्याचा, बॅगपाइपचा असतो तसा, अखंड. त्यावर बायकांचे चार आवाज, आजच्या चर्चसंगीतातले, एकमेकांना घासून जाणारे. आणि मधोमध सगळं थांबून एकच बाई, शब्दांशिवाय, रडणार. त्याच्या आजीच्या बेटावर म्हणे अशा बायका होत्या, मेलेल्याच्या उशाशी बसून हेल काढणाऱ्या. पाद्र्यांनी ती चाल पापाची म्हणून मोडीत काढली, आणि आता ती चर्चमध्येच परत आणायची त्याला हौस होती. पण माझ्या देशाची नक्कल नको, तो म्हणाला, तुमच्या घरात कुणी अशी रडणारी बाई होती का? हॉलमध्ये लोक एकमेकांकडे बघत होते. डेल्फिन स्वतःच्या नखांकडे बघत होती. नेलपॉलिश एका बोटाचं उडालं होतं. ती गप्प बसली आणि फियोनाने हात वर केला. एवढा साधा हिशेब. यात दुसऱ्या कुणाला नावं ठेवायची सोयही नव्हती, आणि तेच जास्त जाचत होतं.

ती गप्प बसली कारण त्या आवाजाची तिला आयुष्यभर लाज वाटत आली होती. कात्रीनबायची पोर! शाळेत पोरी तिला चिडवायच्या, तुझी आय रडायला किती घेते गं? ती काहीच घ्यायची नाही. फुलांची टोपली खाली ठेवायची, दारातच अंबाडा सोडून केस मोकळे करायची आणि मयताच्या घरात शिरायची. हेल उचलायचा तो परक्या बाईनेच, असं होतं. घरच्यांचे गळे दाटलेले; पहिला आवाज त्यांच्याने निघत नाही. मग आय उचलायची, गेलेल्याचं एकेक आठवून वर वर न्यायची, आणि अगदी शेवटाला येऊन थांबायची. तिथून खालचा उतार लेकीचा. त्याला दार लोटणं म्हणायचे. लेक तो उतार घ्यायची तेव्हा कुठे बायका डोळे पुसून पाणी भरायला, चहा टाकायला उठायच्या. उचलणारीनेच दार लोटलं तर वर्षाच्या आत त्या घरात दुसरं मयत, हे सगळ्या धरून होत्या, आणि आय तर पक्की. तिकडे शाळेत डेल्फिनला सिस्टर बर्ना गाणं शिकवत होत्या, तोंड गोल करा, आवाज कपाळात न्या, गळ्यात नको, गावठी वाटतं. डेल्फिनचा आवाज गोल झाला. इतका गोल झाला की नवीन आलेल्या तरुण फादरनी एका मयताला बायकांना मध्येच हात करून गप्प केलं, आणि आयचा हेल अर्ध्यावर तुटला, तेव्हा क्वायरच्या बाकावर बसलेल्या डेल्फिनला चक्क बरं वाटलं होतं. त्या संध्याकाळी आय भाकरी थापता थापता म्हणाली होती, माझं दार तुलाच लोटायचंय, शिकून ठेव. मला नको ते, डेल्फिन म्हणाली होती. भाकरी तेवढी करपली.

आणि मग ही आली. कुठून? तर शेजारच्या आळीतून, केळीची पानं मागायला. डेल्फिन तोवर लग्न होऊन बहरीनला येऊन स्थिरस्थावर झालेली. एका खासगी हॉस्पिटलच्या नर्सिंग ऑफिसात नोकरी, नवरा मायकल सीफ भागातल्या हॉटेलात, मुलगा ड्वेन इंग्रजीतच बोलणारा. सुट्टीवर घरी गेली की आय सांगायची, ती फियोना येते हो, ऐकते, गुणी आहे. डेल्फिन म्हणायची, बरं झालं, तुला सोबत. मनापासून म्हणायची. आपण टाकून दिलेली वस्तू दुसऱ्याने उचलली तर कुठे बिघडतं? बिघडतं ते ती वस्तू तिच्या अंगावर शोभून दिसली की. फियोना नर्स झाली, तिला इथे यायचं होतं, तिचा सीव्ही पुढे सरकवला तो डेल्फिननेच. आपल्याकडची पोर म्हणून व्हिसासाठी एचआरच्या मागे लागली, पहिले दोन महिने हमद टाउनमध्ये मैत्रिणीकडे खोली बघून दिली, क्वायरमध्येही स्वतःच्या गाडीतून घेऊन गेली. मावशी, मावशी करत फियोना मागच्या सीटवर बसायची. डेल्फिनला मावशी म्हणवून घेणं तेव्हाच जरासं खुपलं होतं.

त्या रात्री मायकलला तिने सांगितलं ते वेगळंच सांगितलं. म्हणाली, डोनलला काही कळत नाही, चर्चमध्ये रडारड करायची म्हणजे काय. मायकल मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, पण तुझ्या आयचं आहे ना ते, तुला तर आनंद व्हायला पाहिजे. हो, आनंद. आय गेली तेव्हा विमानं बंद होती. दहाच माणसं मातीला, तीही लांब लांब उभी. कुणीतरी फोन धरला होता आणि डेल्फिन गुदैबियातल्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाशी बसून स्क्रीनवर बघत होती. चित्र अडकत होतं, आवाज तर आलाच नाही. केस मोकळे सोडलेली कुणीतरी मास्कवाली बाई शवपेटीशी बसलेली एकदा दिसली, मग सगळे उभे, मग फोन आकाशाकडे. डेल्फिन रुमालात रडली, शहाण्यासारखी, शेजारी ऐकू न जाता. ती बाई फियोना होती हे तिला आज, हॉलमधून बाहेर पडताना कळलं. पार्किंगमध्ये फियोनानेच सांगितलं. आजीचा हेल मीच उचलला होता मावशी, आणखी कोण होतं? सगळ्या बायका घाबरून घरात. डेल्फिनने विचारलं नाही, मग दार कुणी लोटलं? तिने फक्त गाडीची किल्ली शोधली.

आता जळफळाट कसा असतो ते ज्याचं त्यालाच ठाऊक. तो काही तोंडावर दिसत नाही. डेल्फिन ऑफिसात जात होती, चहा पीत होती, फियोना समोर आली की हसत होती. पण फियोनाची प्रत्येक गोष्ट तिला दिसायला लागली होती. पोरीची सरळ मान. पेशंटशी बोलताना आवाज खाली उतरवायची तिची पद्धत, ती तर थेट आयची. भाकरी मोडताना दोन बोटं वापरायची तीसुद्धा आयची. किती दिवस ही माझ्या घरात बसून माझ्या आईला गिळत होती, असं डेल्फिनच्या मनात आलं आणि ती स्वतःच दचकली. डबा घेऊन पँट्रीत गेली तर वाटायचं, आयने हिला आणखी काय काय दिलं असेल? मला नावाने हाक मारताना आय शेवटचं अक्षर लांबवायची, तशी हिलाही मारत होती का? फियोनाऽ? विचारलं तर ती खरं सांगेल, म्हणून विचारायची सोय नाही. तालमीत ती गायली की डेल्फिन खालच्या पट्टीत इतरांबरोबर सूर धरायची आणि चुका शोधायची. चुका नव्हत्या. एकदा वाटलं, दुसरा फेरा जरा घाईत घेतला. मग आठवलं, आयही घाईत घ्यायची.

आणि एक दिवस नाझिशची आई लाहोरला आजारी पडली. फिमेल वॉर्डातली नाझिश इमर्जन्सी लीव्हवर गेली आणि नेमकी गुड फ्रायडेची दुपारची शिफ्ट रिकामी झाली. रोस्टर लावायचं काम डेल्फिनचं. फियोनाने ती सुट्टी जानेवारीतच मागून ठेवली होती आणि डेल्फिननेच ती दिली होती. पुरुषांच्या वॉर्डातला नर्स राहील सकाळीच दारातून डोकावून म्हणाला होता, सिस्टर, मैं कर लूँगा फ्रायडे, मुझे कोई काम नहीं. डेल्फिन त्याला म्हणाली होती, बताती हूँ. आता स्क्रीनवर तो रिकामा चौकोन होता. तिने मनाशी कारणंही जमवली. वॉर्ड बायकांचा, राहील कसा चालेल? इमर्जन्सीत चालतो, हे तिला माहीत होतं. फियोनाला त्या वॉर्डाचा अनुभव आहे, हे खरं होतं. खऱ्याच गोष्टी होत्या सगळ्या. तिने त्या चौकोनात फियोनाचं नाव टाकलं आणि लगेच उठून हात धुवायला गेली. हात कशाने खराब झाले होते देव जाणे.

फियोना जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात आली. भांडायला येईल म्हणून डेल्फिनने वाक्यं तयार ठेवली होती. फियोना खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. म्हणाली, ड्यूटी ड्यूटी आहे, मावशी, नाझिशच्या जागी कुणीतरी हवंच. मग म्हणाली, “डोनलसरांना सांगा, तुम्हीच उचला. तुम्हाला येतं, मला माहीत आहे. फक्त शेवटाचं काय करायचं ते बघा. मी त्यांना सांगून ठेवलं होतं की मी वर नेऊन थांबणार आणि दार तुम्ही लोटणार. आजीच्या वेळी राहून गेलं ना. तुम्हाला मी आयत्या वेळी सांगणार होते, नाहीतर तुम्ही नाही म्हणाला असता.”

ती गेली. स्क्रीनवर चौकोन होता, कर्सर त्याच्याशेजारी लुकलुकत होता. राहीलचा एक्स्टेन्शन नंबर तिला पाठ होता. अजून वेळ होता, भरपूर होता, आणि आता तर तिला सगळं कळलंही होतं. एखादी बरी बाई असती तर तिने तेव्हाच फोन उचलला असता. डेल्फिनने उचलला नाही. उलट तिला आणखी राग आला. मला दान देते ही? माझ्याच आईचा शेवट मला ताटात वाढून देते? आणि वर मनाचा मोठेपणा! ती वाईट असती, तोऱ्यात असती, तर किती सोपं झालं असतं. डेल्फिनने रोस्टर पुढे पाठवून दिलं. खलास.

डोनल फोनवर हळहळला आणि मग म्हणाला, तर मग पूर्ण तूच घे, सुरुवात आणि शेवट. शेवटच्या तालमीत ती गायली. आश्चर्य असं की सगळं येत होतं. कधी शिकली नव्हती, घरात कान झाकून बसायची, तरी श्वास कुठे तोडायचा, कुठे नाकात न्यायचा, कुठे मुद्दाम चिरकू द्यायचा, सगळं तिच्या अंगात कुठेतरी घडी करून ठेवलेलं होतं. पण गोल येत होतं. डोनल म्हणाला, सुंदर आहे, डेल्फिन, पण सुंदर नको. हे तिला जे लागलं ते लागलं. मग दोन संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर ती समुद्राकाठी गाडी लावून काचा वर करून बसली आणि सिस्टर बर्नांनी जे जे घासून गुळगुळीत केलं होतं ते सगळं खरवडून काढलं. बाजूच्या गाडीतला म्हातारा अरब काच खाली करून विचारपूस करू लागला, सब ठीक? तिने अंगठा दाखवला. फियोनापेक्षा बरं झालं पाहिजे, एवढंच तिच्या मनात होतं. आय सुद्धा नव्हती. फियोना होती.

गुड फ्रायडेला दुपारी चर्च खच्चून भरलं होतं. बाहेरच्या मंडपातही माणसं. डेल्फिनने काळी साडी नेसली होती, केसांचा घट्ट अंबाडा घालून त्यावर जाळी, जाळीला पिना. पुरुषांनी खालचा सूर धरला. बायकांचे आवाज चढले, एकमेकांना घासले, विरले. डोनलने तिच्याकडे हात केला आणि तिने उचललं. आणि ते चांगलं झालं, यात शंका नाही. पहिल्याच चढावर पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या गोंयकार बाईने तोंडाला पदर लावला. दुसऱ्या फेऱ्यात डेल्फिनला कळलं, डोनलने डोळे मिटलेत. मिटले! इतक्या दिवसांची भूक होती ती, आणि भागली. ती आणखी वर गेली. गळा चिरकला तेव्हा त्याला चिरकू दिला. फियोनाला हे ऐकू यायला हवं होतं, असं तिला वाटलं, अगदी तस्सं वाटलं, आणि त्याच श्वासावर ती शेवटाशी येऊन पोचली.

आणि थांबली. थांबायचं ठरवलं नव्हतं. उतार तिला पाठ होता, सूरही समोरच होता, एक पाऊल खाली. पण उचलणारी दार लोटत नाही. तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता, जसा त्या जागी आयचा कधीही, कुणाच्याही घरात आला नव्हता. तिने वाट बघितली. खरंच वाट बघितली, मागून कुणीतरी घेईल म्हणून, आणि मग तिला कळलं की ज्या बाईची वाट बघतोय ती बाई आपणच, आणि आपण आधीच गाऊन बसलोय. फियोनाची जागा आपण घेतली आणि आपली जागा रिकामी ठेवली. डोनलचा हात हवेत. पुरुषांचा खालचा सूर एकेका माणसाच्या दमाबरोबर झिजत गेला आणि संपला. भरल्या चर्चमध्ये पंख्यांचा आवाज तेवढा राहिला. कुणीतरी खोकलं. मग फादर उठले आणि लोक क्रुसाचं चुंबन घ्यायला रांगेत निघाले.

नंतर काय कौतुक झालं म्हणून सांगावं! सगळ्यांना ती शांतताच आवडली होती. डोनलचे डोळे लाल होते. म्हणाला, त्याच्या आजीच्या बेटावरही कुणाला असं सुचलं नसतं, ते अर्धवट सोडणं. असं लिहिण्याची माझी हिंमत झाली नसती, म्हणाला. गोंयकार म्हातारीने तिचे दोन्ही हात धरले. डेल्फिन थँक्यू म्हणत होती. ज्यासाठी एवढं केलं ते सगळं मिळत होतं, पदरात मावेना इतकं, आणि तिला वाटत होतं की आपण कुणाच्यातरी घरात शिरून जेवून आलोय. मंडपाबाहेर आली तर ऊन कलतं झालं होतं. फोनवर फियोनाचा मेसेज होता. मराठीतच, इंग्रजी अक्षरांत. लोटलंत का?

ती नाही असं लिहिणार होती. लिहिलंही. मग खोडलं आणि गाडीत बसली. शुक्रवारचे रस्ते मोकळे होते. हॉस्पिटलच्या मागच्या पार्किंगमध्ये, जिथे एसीची मोठाली यंत्रं गरम हवा सोडत असतात आणि ड्रायव्हर लोक चहा पितात, तिथे उभी राहून तिने फियोनाला वॉर्डात फोन केला. पाच मिनिटं खाली ये, म्हणाली. फियोना आली ती धावतच, कुणाला काही झालं का विचारत. डेल्फिन काळ्या साडीत, गाडीला टेकून उभी. फियोनाच मग हळू आवाजात म्हणाली, राहील मला म्हणाला होता, मावशी, की तो तयार होता. तक्रार नव्हती त्यात. डेल्फिनने तिच्याकडे बघितलं. पोरगी थकलेली होती, डोळ्यांखाली काळं, आणि तरीही मान सरळ. आत्तासुद्धा डेल्फिनच्या आत कुठेतरी जळलंच. ते काही एका दुपारीत विझण्यातलं नव्हतं.

“उचल,” ती म्हणाली.

“इथे?”

“इथेच. मी थांबले चर्चमध्ये. माझ्याने नाही झालं. तू उचल.”

फियोनाने इकडेतिकडे बघितलं. सिक्युरिटीवाला त्याच्या खोक्यात बसून मोबाइल बघत होता. तिने गळ्यातलं आयडी कार्ड काढून खिशात टाकलं, मग डोक्यामागची क्लिप काढली. केस खांद्यावर आले. डेल्फिनला तेव्हा आठवलं, की आपण चर्चमध्ये पिनांसकट गायलो. फियोनाने डोळे मिटून सुरुवात केली, आणि पहिल्याच श्वासाला डेल्फिनला कळलं की हे आपल्यापेक्षा चांगलं आहे, कायमच चांगलं असणार आहे. ती ऐकत राहिली. फुलांची टोपली आली, दारात सोडलेला अंबाडा आला, करपलेली भाकरी आली. एक ड्रायव्हर चहाचा कप हातात धरून थबकला. फियोना वर गेली, आणखी वर गेली, आणि तिथे येऊन थांबली, तोंड उघडं ठेवून, डेल्फिनकडे बघत.

डेल्फिनचा हात मानेमागे गेला आणि पिना शोधू लागला.